पाठाखालची नागमोडी रेघ

पंधराएक वर्षांपूर्वी एम. ए.च्या प्राचीन मराठी वाङ्मयाच्या उत्तरपत्रिका तपासताना घडलेली एक गोष्ट अजून माझ्या मनातून गेलेली नाही. प्रश्न ठरावीक होता. 'ज्ञानेश्वरी'चे कर्ते ज्ञानदेव आणि अभंगांचे कर्ते ज्ञानदेव एकच की भिन्न, याची साधार चर्चा करावयाची होती. परीक्षकांच्या बैठकीत अपेक्षित मुद्द्यांची यादी आधीच ठरली होती आणि तिच्यातला शेवटचा मुद्दा 'निष्कर्ष : दोन्ही ज्ञानदेव एकच' असा होता. बहुतेक परीक्षार्थींनी तो निष्कर्ष इमानाने लिहिला होता. कित्येकांनी तर वरच्या चर्चेशी त्याचा काही संबंध लागतो की नाही याची फिकीर न करता तो दोनदा अधोरेखित करून ठेवला होता.

एक उत्तरपत्रिका मात्र वेगळी निघाली. तिच्यात दोन्ही बाजूंची मांडणी नीट होती, कोणता पुरावा कितपत भक्कम आहे याचा विचार होता, आणि शेवटी साधारण असे लिहिले होते की, आज हाती असलेल्या साधनांवरून हा प्रश्न निर्णायकपणे सुटत नाही. अमुक प्रकारचे हस्तलिखित सापडले तर सुटू शकेल. तोवर दोन्ही रचना शेजारी ठेवून वाचणे एवढेच आपण प्रामाणिकपणे करू शकतो. मी समासात लाल शाईने 'निष्कर्ष नाही' असे लिहिले आणि पंधरापैकी सात गुण दिले. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. त्या परीक्षार्थीचा बैठक क्रमांक झाकलेला असल्यामुळे तो कोण होता, की ती कोण होती, हे मला कळले नाही आणि आता कळणारही नाही.

त्या दिवशी त्या गठ्ठ्यातला जो सर्वांत चांगला निष्कर्ष होता त्यालाच मी निष्कर्ष मानले नाही, हे माझ्या लक्षात यायला काही वर्षे जावी लागली. प्रस्तुत लेखात मला जे म्हणावयाचे आहे ते त्या सात गुणांविषयीच आहे. 'माहीत नाही' हे ज्ञानव्यवहारातले एक पूर्ण वाक्य आहे. ते नेमकेपणाने लिहिता येणे ही एक विद्या आहे. आणि ती शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे ते साहित्याचे शिक्षक, म्हणजे तुम्ही-आम्ही, ती बहुधा पार पाडीत नाही.

आधी तो वादच पाहू. आगरकरांच्या पश्चात, १८९८-९९ च्या सुमारास, शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक'मध्ये लेख लिहून ज्ञानदेव एक नव्हेत, दोन असावेत, असे प्रतिपादन केले. एक आपेगावचे, 'ज्ञानेश्वरी'कार. दुसरे आळंदीचे, विठ्ठलभक्त, अभंगकार. त्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नव्हता. अभंगांमध्ये विठ्ठल आणि पंढरी ओतप्रोत भरलेली आहेत, तर 'ज्ञानेश्वरी'त विठ्ठलाचा स्पष्ट उल्लेख मिळत नाही. 'ज्ञानेश्वरी'ची भाषा यादवकालीन वळणाची आहे, अभंगांची भाषा तिच्या मानाने फारच अलीकडची वाटते. समाधिस्थानेही दोन दाखवली जातात. या लेखांनी मोठी खळबळ उडाली. उलट बाजूने उत्तरे आली. एकाच कवीने गीतेवर टीका लिहिताना एक आणि पंढरीच्या वाटेवर गाताना दुसरा सूर लावणे अशक्य आहे काय? गीतेच्या श्लोकांना धरून चालणाऱ्या ग्रंथात विठ्ठल यावाच कशाला? १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाराष्ट्रातील संतांवरच्या इंग्रजी ग्रंथात गुरुदेव रानड्यांनी या वादाची दखल घेतली आणि एकत्वाच्या बाजूने कौल दिला. पुढे अभ्यासकांचे बहुमतही त्याच बाजूला राहिले.

मलाही ती बाजू अधिक संभाव्य वाटते. पण 'अधिक संभाव्य' आणि 'सिद्ध' यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कशाने भरून निघणार? या वादात भाषेचा पुरावा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपल्या हातून निसटलेला आहे. अभंग लिहून ठेवण्यापेक्षा गायले अधिक गेले. शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, ज्ञानदेवांनी समाधी घेतली असे परंपरा सांगते. त्यानंतरच्या शतकांत दिंडीत, कीर्तनात, घरातल्या भजनात ते अभंग तोंडातून तोंडात गेले आणि प्रत्येक पिढीने नकळत त्यांना आपल्या बोलीचा हात लावला. जुने प्रत्यय झडले, कळेनासे झालेले शब्द बदलले, आवडलेली एखादी ओळ दुसऱ्या अभंगातून येऊन बसली. अभंग जिवंत राहिले ते या बदलांमुळेच. त्यांना कोणी तेराव्या शतकाच्या भाषेत जसेच्या तसे पेटीत बंद करून ठेवले असते तर आज आपल्याकडे पुरावा उरला असता, पण वारीत ते कोणी गायले नसते. म्हणजे ज्या कृतीने अभंग टिकवले त्याच कृतीने त्यांचा जन्मदाखला पुसला. येथे आळशी संशोधकाला किंवा एखाद्या परकीय आक्रमकाला दोष देऊन भागत नाही. हे अज्ञान प्रेमातून निर्माण झालेले आहे.

नाममुद्रेची गोष्टही अशीच आहे. अभंगाच्या शेवटी येणारे 'ज्ञानदेव म्हणे' किंवा 'नामा म्हणे' हे आपण आजच्या लेखकाच्या सहीसारखे वाचतो. पण नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या गेल्या, हे तर आता सर्वमान्य आहे. कीर्तनकाराच्या दृष्टीने ती मुद्रा एका परंपरेचा अधिकार सांगते; स्वामित्वहक्काची नोंद करण्यासाठी ती नव्हती. तेव्हा 'या अभंगाचा कर्ता नेमका कोण' हा आपला प्रश्न त्या मुद्रेला विचारणे म्हणजे ज्याने कधी पत्ता लिहिलाच नाही त्याच्याकडे पिनकोड मागण्यासारखे आहे.

'ज्ञानेश्वरी'च्या संहितेचे तरी वेगळे काय आहे? ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे १२९० चा. त्या काळातले एकही हस्तलिखित आपल्यापर्यंत आलेले नाही. जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या पोथ्या पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घालू नये, घातल्यास ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल, अशा अर्थाची तंबी दिली. एवढे कडक शब्द योजावे लागले यावरूनच तोवर किती नरोट्या पडल्या असतील याची कल्पना येते. एकनाथांनी कोणते पाठ स्वीकारले, कोणते गाळले, कशासाठी गाळले, याची नोंद मात्र आपल्या हाती नाही. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व वाटणाऱ्या पोथीवरून 'ज्ञानेश्वरी' संपादित केली, आणि तिच्या प्रामाण्याविषयी पुन्हा वाद झाले. आपण वर्गात जिला 'ज्ञानेश्वरी' म्हणतो ती अशी थरांवर थर असलेली गोष्ट आहे. तिच्या तळाशी ज्ञानदेवांच्या मुखातला शब्द आहे अशी आपली श्रद्धा असते आणि बव्हंशी ती खरीही असेल. पण प्रत्येक ओवीविषयी तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग करावयाचे काय? 'सगळेच अनिश्चित' म्हणून हात झटकायचे? या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत समाधानकारक उत्तर पुण्यातच दिले गेले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. ते १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर हे तिचे प्रमुख संपादक होते. देशभरातून गोळा केलेली, निरनिराळ्या लिपींतली शेकडो हस्तलिखिते श्लोकामागून श्लोक ताडून पाहावयाची, असे ते काम. सुकथनकरांची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती. आपण व्यासांचे मूळ महाभारत शोधून काढीत आहोत असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागे जाऊन, तेथे जे रूप दिसते ते द्यावयाचे, एवढेच त्यांनी कबूल केले होते. त्याच्याही मागे काहीतरी होते यात शंका नाही. परंतु तेथपर्यंत वाट नाही.

या आवृत्तीचे कोणतेही पान उघडून पाहा. वर संहिता, खाली पाठभेदांची दाट नोंद. आणि संहितेतल्या काही काही शब्दांखाली एक बारीक नागमोडी रेघ. या शब्दाविषयी संपादकाला पुरेशी खात्री नाही, असा त्या रेघेचा अर्थ. शब्द गाळलेला नाही, कारण श्लोक वाचता आला पाहिजे. शब्दाविषयी खोटी खात्रीही दाखवलेली नाही. उपलब्ध पर्यायांतला जो अधिक ग्राह्य वाटला तो छापला आणि आपल्या विश्वासाची पातळी किती आहे हे त्याच्याखाली रेखाटून ठेवले. उद्याच्या अभ्यासकाने कोठे खणावे हेही ती रेघ सांगते. चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या कामात, इतक्या विद्वानांनी, इतक्या वेळा 'येथे आम्हांला खात्री नाही' असे छापून द्यावे, ही गोष्ट मला त्या आवृत्तीतल्या निर्णयांइतकीच थोर वाटते. ती रेघ काढण्याचा अधिकार त्यांना सगळी हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर मिळाला होता, हे मात्र विसरता कामा नये. पोथी न उघडताच जो 'कोणास ठाऊक' म्हणतो त्याची रेघ सरळही नसते आणि नागमोडीही नसते. ती नुसती शाई असते.

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे कीट्सची आठवण झाली असेलच. १८१७ च्या डिसेंबरात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, जॉन कीट्सने आपल्या दोघा भावांना लिहिलेल्या पत्रात 'निगेटिव्ह केपेबिलिटी' ही संज्ञा वापरली. वस्तुस्थिती आणि तर्क यांच्यामागे चिडचिडेपणाने धावत न सुटता अनिश्चिततेत, गूढात, शंकेत टिकून राहण्याची ताकद, असा तिचा थोडक्यात आशय. शेक्सपिअरपाशी ती विपुल होती आणि कोलरिजपाशी कमी पडत होती, असे त्याला वाटत होते. डिल्क नावाच्या मित्राशी बोलत घरी परतताना हा विचार त्याला सुचला. याच डिल्कविषयी त्याने दोन वर्षांनी लिहिले आहे की, प्रत्येक गोष्टीविषयी मत पक्के केल्याशिवाय या माणसाला आपण कोणीतरी आहोत असे वाटतच नाही. असे डिल्क आपल्यातही पुष्कळ आहेत. कित्येकदा मलाही आरशात तो दिसतो.

गंमत अशी की, ज्या पत्रावर दोन शतके इतकी चर्चा झाली ते मूळ पत्र उपलब्धच नाही. कीट्सच्या भावाच्या विधवेशी पुढे ज्याने लग्न केले त्या जॉन जेफ्री नावाच्या गृहस्थाने १८४५ साली केलेली नक्कल तेवढी उरली आहे, आणि जेफ्री हा काही काटेकोर नकलनवीस नव्हता. पत्राच्या तारखेविषयी अभ्यासकांना शंका आहे. ही संज्ञा कीट्सने आपल्या उपलब्ध पत्रांत दुसऱ्यांदा कोठेही वापरलेली नाही. म्हणजे अनिश्चिततेविषयीच्या या जगप्रसिद्ध शब्दांखालीही एक नागमोडी रेघ काढावी लागते. त्याच्या 'ओड ऑन अ ग्रीशन अर्न' या कवितेच्या शेवटी सौंदर्य आणि सत्य यांच्या एकत्वाविषयीचे जे विधान येते ते कोणाचे, कलशाचे की कवीचे, आणि कलशाचे असेल तर तो कोठपर्यंत बोलतो, हेही अवतरणचिन्हांच्या घोळामुळे निश्चित होत नाही. १८२० च्या संग्रहात चिन्हे आहेत, मासिकात छापलेल्या पाठात आणि मित्रांनी केलेल्या नकलांत ती नाहीत, आणि कवीच्या हातची प्रत शिल्लक नाही. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र 'कीट्स म्हणतो की' अशी सुरुवात करून ते विधान बिनदिक्कत सांगता येते.

परंतु कीट्सचा दाखला अर्धवट घेतला तर तो घातक ठरेल. कीट्स वैद्यकाचे शिक्षण घेतलेला माणूस होता. क्षयाने त्याची आई १८१० साली गेली, धाकटा भाऊ टॉम १८१८ साली त्याच्या डोळ्यांसमोर गेला, आणि १८२१ च्या फेब्रुवारीत रोममध्ये तो स्वतःही त्याच रोगाने गेला. क्षय का होतो हा त्या काळी अनुत्तरित प्रश्न होता. तो अनुत्तरितच राहणार आहे, त्याच्या गूढात रमावे, असे म्हणणारा डॉक्टर गुन्हेगार ठरला असता. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळाले. म्हणून अनुत्तरित प्रश्नापुढे उभे राहिल्यावर पहिले काम हे की, तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे. काही प्रश्नांची उत्तरे अजून मिळालेली नसतात. त्यांच्यामागे धावलेच पाहिजे. काहींचा पुरावा कायमचा नष्ट झालेला असतो. तेथे आपण कोठपर्यंत पोहोचलो याची खूण करून थांबावे लागते. काही प्रश्न मुळात चुकीचे मांडलेले असतात. आणि काही असे असतात की ज्यांना उघडे ठेवणे हेच त्यांच्याशी वागण्याची योग्य रीत असते. या चारही प्रकारांना आपण 'माहीत नाही' हे एकच लेबल लावतो, आणि मग एकीकडे आळस व दुसरीकडे दुराग्रह यांचे फावते.

कीट्सच्या शेवटच्या आजारातही रोममधल्या डॉक्टरांनी आरंभी मूळ दुखणे पोटात असल्याचे गृहीत धरले होते. त्याचे रक्त काढले गेले, आहार तोडला गेला. तेथे अज्ञानापेक्षा अज्ञानाला दिलेले खात्रीचे नाव रुग्णाला अधिक जाचक ठरले. हे वाचताना मला नेहमी माझ्या आईचा शेवटचा आजार आठवतो. तिच्या दुखण्याचे नेमके निदान अखेरपर्यंत झाले नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाजवळ मात्र उत्तर होते. कोणी ग्रहांकडे बोट दाखवले, कोणी आमच्या हयगयीकडे, कोणी तिच्या उपासांकडे. त्या सगळ्या उत्तरांनी आम्हां भावंडांना काही ना काही अपराध चिकटवला. एका तरुण डॉक्टरने तेवढे शांतपणे सांगितले, "काय झालंय ते आम्हांला कळलेलं नाही. काय झालेलं नाही, तेवढं कळलंय. शोधणं चालू आहे." त्या तीन वाक्यांनी मला जो धीर दिला तो कोणत्याही निदानाने दिला नसता. त्या वेळी मला त्याचे कारण उमगले नव्हते. आता वाटते, आपल्या माहितीची हद्द कोठे संपते हे ज्याला नीट सांगता येते त्याच्या हद्दीच्या आतल्या शब्दावर विसंबता येते.

चुकीच्या मांडलेल्या प्रश्नांचे उदाहरण शोधायला मला आईच्याच वहीकडे जावे लागते. तिने जात्यावरच्या साठ-सत्तर ओव्या लिहून ठेवल्या होत्या. त्या कोणी रचल्या असे मी एकदा तिला विचारले तेव्हा ती हसली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायांची नावे त्यांनी नोंदवली, गावे नोंदवली. रचणारीचे नाव विचारण्यात अर्थच नव्हता, कारण गाणारी प्रत्येक बाई त्यात एखादा शब्द, एखाद्या भावाचे नाव, एखादे दुःख घालून पुढे देत आली होती. कर्ता एकच असला पाहिजे हे आपण छापील पुस्तकांच्या जगातून आणलेले गृहीत आहे. ते बाजूला ठेवले की प्रश्न सुटत नाही, विरघळतो. ज्ञानदेवांच्या अभंगांविषयीचा प्रश्नही अंशतः असाच विरघळणारा असेल काय, हे मला सांगता येत नाही. पण विचारून पाहण्यासारखे आहे.

चौथ्या जातीच्या प्रश्नांविषयी आपल्या परंपरेला कोणी शिकवण्याची गरज नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९ वे सूक्त, म्हणजे नासदीय सूक्त, सृष्टीच्या उगमाविषयी विचारीत जाते आणि शेवटी अशा जागी येऊन थांबते की, परम व्योमात बसून जो हे सारे पाहतो त्यालाही हे ठाऊक असेल, की कदाचित नसेलही. सात ऋचांचे हे सूक्त एवढ्यावर संपते. रचणाऱ्याला पुढे सुचले नाही म्हणून ते तसे संपलेले नाही. देवाच्याही ज्ञानाखाली त्याने रेघ ओढली आहे आणि तरीही त्या सूक्ताचा मान कमी झालेला नाही. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'त 'अज्ञानखंडन' नावाचे प्रदीर्घ प्रकरण आहे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. त्याच्या लगेच नंतर 'ज्ञानखंडन' नावाचे प्रकरण आहे, हे सांगताना आपण जरा घाईत असतो. अज्ञान नाहीसे झाल्यावर त्याच्या अपेक्षेने ज्याला ज्ञान म्हणत होतो तेही उरत नाही, असा तो विचार आहे. हा अनुभवाच्या पातळीवरचा विषय, आणि पाठचिकित्सेशी त्याची गल्लत मी करू इच्छीत नाही. पण जो कवी ज्ञानाचा अभिमानही सोडून द्यायला सांगतो त्याच्याच चरित्राविषयी आपण एवढ्या हट्टाने 'सिद्ध झाले आहे' म्हणावे, यातली विसंगती तरी आपल्याला बोचायला हवी.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला आमच्या सहकारी प्राध्यापकांचा. मुले नेट-सेटच्या परीक्षेला बसतात, तेथे चार पर्यायांतला एक निवडावा लागतो. त्यांना तुम्ही अनिश्चितता शिकवणार काय? याला माझे उत्तर असे की, पर्याय जरूर निवडू द्या. सुकथनकरांनीही प्रत्येक ठिकाणी एक पाठ निवडलाच होता. निवडणे आणि खात्री असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढेच मुलांना कळले पाहिजे. संशोधनाला आलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी 'मला हे सिद्ध करायचे आहे' असे म्हणतो तेव्हा त्याच्या वाक्यातला दोष आमच्या पदवीच्या वर्गातून आलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुम्ही जागा रिकामी ठेवलीत तर ती कोणीतरी भरणारच. आणि ती भरणारा जातीच्या, पंथाच्या किंवा प्रांताच्या अभिमानाने भरील. संतांची जन्मस्थळे, गुरुपरंपरा, निर्वाण यांविषयीच्या वादांत हे आपण पुष्कळ पाहिले आहे. अनुत्तरित प्रश्न तेथे अपमानासारखे वाटू लागतात. हे खरे आहे. पण आजवर आपण काय केले? ती जागा आपणच आपल्या सोयीच्या निष्कर्षांनी भरली आणि त्यांवर विद्यापीठाचा शिक्का मारला. त्यातला एखादा निष्कर्ष पोकळ निघाला की लोकांचा विश्वास सगळ्याच विद्वत्तेवरून उडतो, आणि तो उडाल्यावर मोठ्याने बोलणाऱ्याला रान मोकळे मिळते. ज्या रिकाम्या जागेच्या चारी बाजू मोजून नकाशावर दाखवल्या आहेत तिच्यावर अतिक्रमण करणे कठीण असते. 'येथे इतका पुरावा आहे, तो इथवर नेतो, पुढे नेत नाही' असे वर्षानुवर्षे, शांतपणे, सर्व पक्षांना सारखेच सांगत राहणे याखेरीज माझ्याकडे दुसरा उपाय नाही. तो पुरेसा पडेल की नाही, याविषयी मला शंका आहे.

वर्गात मी आता एक साधी गोष्ट करतो. निबंध वाचून झाला की विद्यार्थ्यांना पेन्सिल देऊन आपल्याच लिखाणातल्या कमी खात्रीच्या विधानांखाली नागमोडी रेघ काढायला सांगतो. पहिल्या खेपेस कोणीच काढीत नाही. काही जण सगळ्या पानभर काढतात, तेही तितकेच निरुपयोगी असते. वर्ष संपेपर्यंत दोघा-चौघांना जमू लागते. गेल्या वर्षी एका मुलीने ज्ञानदेवांवरच्या निबंधात अवघ्या दोन ठिकाणी रेघ काढली होती आणि दोन्ही ठिकाणे अगदी नेमकी होती. त्यातल्या एका ठिकाणी मी स्वतः वीस वर्षे सरळ रेघ मारीत आलो होतो.

त्या जुन्या उत्तरपत्रिकेचे गुण आता बदलता येणार नाहीत. ती केव्हाच रद्दीत गेली असेल. ते उत्तर लिहिणारी व्यक्ती आज कोठेतरी शिकवीत असेल, किंवा 'निष्कर्ष नाही' हा शेरा पाहून या विषयातून बाहेरही पडली असेल. मला माहीत नाही. हे जर त्या व्यक्तीच्या वाचनात आले तर एवढेच सांगावेसे वाटते की, निष्कर्ष होता. तो वाचता आला नाही तो परीक्षकाला.